तीन म्हणायच्या आधी

"पहिलं स्पष्ट, की दुसरं?"

त्यानं भिंग बदललं. टिटवीनं श्वास रोखून समोरच्या फळ्याकडे पाहिलं. मघाशी अक्षरं जरा जाड होती, आता जरा काळी झाली होती. पण त्यातलं बरं कोणतं, ते काही केल्या ठरेना.

"पुन्हा दाखवता?"

"हे पहिलं..." खट्. "आणि हे दुसरं."

"पहिलं. नाही – थांबा... अजून एकदाच!"

चष्म्याच्या दुकानातला तो तरुण हसला. वैतागला नाही, की घड्याळाकडेही पाहिलं नाही. "सावकाश. यात चूक उत्तर नसतं. तुम्हाला दिसतं ते तुम्ही सांगा, बाकीचं माझ्यावर सोडा."

चूक उत्तर नसतं! टिटवीला असं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. शहराला येणारं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. प्रत्येक बाटली दोनदा तपासायची, आणि निघताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघायची. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारी टिटवी ती हीच, असं म्हणून ताईनं लहानपणीच तिचं बारसं केलं होतं. आजसुद्धा ती काही डोळे तपासायला आली नव्हती. सकाळी वाऱ्यानं दार आपटलं, नाकावरचा चष्मा उडाला आणि त्याची काडी मोडली, म्हणून समोर दिसलं त्या दुकानात शिरली आणि आलाच आहात तर नंबरही बघू, असं तो म्हणाला, एवढंच.

पैसे द्यायला तिनं पिशवी उघडली, तशी किल्ल्यांची साखळी खाली पडली. तिला पितळेचं एक कासव लटकत होतं.

त्यानं ते उचललं आणि त्याचे डोळे चमकले. "तुम्ही झुंज खेळता?"

"थोडंफार..."

"काय नावानं?"

"टिटवी."

"मी काजवा," तो म्हणाला.

टिटवीनं घाईघाईनं त्याच्या हातातून साखळी घेतली.

झुंज हा फोनवरचा खेळ. दोघांकडे सहा-सहा प्राणी. दोघांनी गुपचूप आपापली चाल ठरवायची, पडद्यावर एक-दोन-तीन होतं, आणि तीनला दोन्ही चाली एकदम उघडतात. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, हीच सारी गंमत. पण दोन महिन्यांपूर्वी खेळात एक नवी शक्ती आली – माघार. चाली उघडल्यावर, डावात एकदा, आपली चाल परत घ्यायची आणि समोरच्याची बघून दुसरी टाकायची. झालं! जो ती राखून ठेवील त्याची चांदी. मागच्या स्पर्धेत सोळापैकी चौदा जण तेच ते चिलखती कासव आणि तीच माघार घेऊन उतरले. काहींनी माघारीला डोक्यावर घेतलं, काहींनी बोटं मोडली, आणि शेवटी प्रकरण पंचांकडे गेलं. पंच पाच. माघारीवर बंदी घालायची की नाही, ते त्यांनी तीन आठवड्यांत ठरवायचं होतं. कुणी गळ घालू नये म्हणून निकाल लागेपर्यंत पंचांची नावं गुप्त ठेवायची, असा नियम होता.

त्या पाचांतली एक टिटवी होती.

आणि माघारीच्या जोरावर कुणाच्या ध्यानीमनी नसताना यंदाच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम सोळांत पोचलेला खेळाडू – काजवा.

"पंच कोण आहेत, देव जाणे," काडी बसवता बसवता तो म्हणाला. "तुम्ही ऐकलंय काही?"

"मी? मला कुठून कळणार..."

तोंडातून निघून गेलं! टिटवीचा एक नेम होता. ज्या दिवशी खोटं बोलू, त्या दिवशी चहात साखर घालायची नाही. कुणी लावून दिलेला नव्हता. तिचा तिनंच धरला होता आणि बारा वर्षं पाळला होता.

त्या संध्याकाळी तिनं फिका चहा घेतला.

*

मत देण्याआधी पंचानं माघारीसमोर वीस डाव तरी खेळलेच पाहिजेत, असाही नियम होता. तेव्हा आपण काजव्याच्या दुकानात जातो ते कर्तव्य म्हणून, अशी टिटवीनं मनाची समजूत घातली. मन काही इतकं भोळं नव्हतं.

साडेसहाला काम संपायचं. दुकानाच्या मागच्या बाजूला भिंगांच्या खोक्यांमध्ये जेमतेम एक टेबल मावायचं. दोघांचे गुडघे एकमेकांना लागायचे... मग दोघंही एकदम "सॉरी" म्हणायचे. खेळताना तो पडद्याबरोबर मोठ्यानं मोजायचा, "एक... दोन..." आणि तीन म्हणताना तिच्याकडे बघायचा. पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे.

"काय बघताय?" तिनं एकदा धीर करून विचारलं.

"काडी नीट बसलीये का, ते. दुकानाची हमी असते."

"हमी किती दिवसांची?"

"गिऱ्हाईक बघून ठरवतो."

ती हसली, आणि लगेच तिला आठवलं की आपण याला फसवतो आहोत. तिनं हसू आवरलं.

ती माघार प्रत्येक डावात वापरायची. तिच्यासारखीला ते वरदानच होतं. आधी त्याचं बघायचं, मग आपलं टाकायचं, भिण्याचं कारणच नाही! तो मात्र ती राखूनच ठेवायचा.

"वापरा की तुमची!"

"राहू दे. ठेवतो."

"कशासाठी?"

"आहे एक विचार."

आणि तो हरायचा. सत्तावीस डावांतले एकोणीस ती जिंकली. मोठ्या स्पर्धेसाठी हातचं राखून खेळतोय, असं टिटवीनं ठरवून टाकलं. जरा रागही आला.

मनातलं मात्र तो काहीच राखत नव्हता. सगळे डावपेच तिला उघडून दाखवायचा. "सात वर्षं खेळतोय. यंदापर्यंत दर वर्षी पहिल्या फेरीत घरी. काका म्हणतात, दुकानात लक्ष दे, तिथं तरी दुसऱ्या फेरीत जाशील." मग हळूच, भिंग पुसत... "एकदा शेवटापर्यंत जायचंय हो. जिंकलो नाही तरी चालेल."

टिटवीनं चहाचा कप तोंडाला लावला.

"आजही साखर नाही? डॉक्टरांनी बंद केलीये का?"

"नेम आहे."

"कसला?"

"सांगितला की मोडतो."

घरी ताई पडदे शिवता शिवता तिच्याकडे रोखून बघायची. "टिटवे, एकवीस दिवस फिका चहा पितेयस. एवढं कुणाशी खोटं बोलतेयस गं? आणि बोलून आल्यावर गाणं कसं गुणगुणतेस?"

"ताई, तू मशीन चालव ना!"

"मशीन चालूच आहे. तुझीच सुई कुठं अडकलीये, ते बघतेय."

*

शनिवारी दुपारी मुख्य पंचांचा फोन आला. सारे त्यांना नाना म्हणायचे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अजूनही प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखं बोलायचे.

"दोन बंदीच्या बाजूनं, दोन विरुद्ध. तुझं मत राहिलंय. उद्या पाचच्या आत दे. पाचला सगळ्यांची मतं नावानिशी जाहीर होतील."

"नाना... मी बाजूला झाले तर? माझी एका खेळाडूशी ओळख आहे."

"ओळख, की ओळखीच्या पुढचं?"

टिटवीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"असू दे," नाना जरा मऊ आवाजात म्हणाले. "सांगितलंस ते बरं केलंस, तशी नोंद करतो. बाजूला हो हवं तर. पण बरोबरी झाली की माघार राहते, हे ठाऊक आहे ना? म्हणजे त्याच्या बाजूनं तुझं मत पडल्यातच जमा. फक्त त्यावर तुझं नाव नसेल."

लपायला कोपराच उरला नाही. रात्र कशी गेली, ते तिच्या उशीला माहीत.

सकाळी खिडकीपाशी बसून तिनं स्वतःला विचारलं. तो हरेल की जिंकेल ते सोड. तुला काय दिसतं ते सांग.

दिसलं ते नको असलेलंच होतं. माघार आल्यापासून तिची भीती गेली होती, पण खेळही गेला होता. समोरच्याच्या मनात काय असेल, हा विचार ती करेनाशी झाली होती. करायचा कशाला? उघडल्यावर दिसतंच की! सत्तावीस डावांत काजव्याचं मन ओळखायचा प्रयत्न तिनं एकदाही केला नव्हता. नुसतं बघितलं होतं, आणि बघून आपलं बदललं होतं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं मत लिहिलं. बंदी असावी. खाली कारण द्यायचं होतं, तेही लिहिलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आत बोटानं पाठवून टाकलं.

मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. पाचला तो नावानिशी वाचेल – टिटवी, बंदी. त्याआधी तिच्या तोंडून कळायला हवं. तिनं चपला अडकवल्या. कुलूप एकदाच ओढलं... की तेही नाही? रस्त्यावर आल्यावर तिला ते आठवेना, आणि ती मागे वळलीही नाही.

*

रविवारचं दुकान रिकामं होतं. तो काउंटरवर चष्म्याच्या बारीक स्क्रूंची डबी लावत होता. तिला अवेळी बघून त्याचा चेहरा उजळला. तेच तिला सोसेना.

"मला आधी बोलू द्या," ती म्हणाली. "मध्ये थांबवलंत तर मला पुन्हा जमणार नाही. मी पंच आहे. पहिल्या दिवसापासून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. आणि मघाशी मी मत दिलं... बंदीचं. माझ्या मतानंच माघार जाणार आहे."

डबीतला एक स्क्रू घरंगळत काउंटरच्या कडेपाशी गेला. दोघांपैकी कुणीच तो धरला नाही.

"तीन आठवडे?"

"हो."

"मी तुम्हाला सगळं दाखवत होतो. एकही डाव झाकला नाही."

"हो."

"आणि तुम्ही फिका चहा पीत होतात." तो थांबला. "तो नेम... याचाच होता?"

तिनं मान हलवली. डोळे भरले होते, पण ती रडली नाही. आपण रडलो तर त्याला धड रागावताही येणार नाही, एवढं तिला कळत होतं.

त्यानं एक भिंग उचललं आणि पुसत राहिला. भिंग केव्हाच स्वच्छ झालं होतं. "स्पर्धा पुढच्या रविवारी. मध्ये सहाच दिवस. माघार गेली की लोक म्हणणार, काजवा विझला. आणि खरं सांगू? मलाही तीच भीती आहे. तिच्याशिवाय मी कोण आहे, मलाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," असं तिच्या ओठांवर आलं. पण आज ते बोलायचा हक्क आपल्याला नाही, असं वाटून ती दाराकडे वळली.

"थांबा. पाच वाजताहेत."

त्याचा फोन थरथरला. निकाल आला होता. तो वाचू लागला. टिटवी दाराच्या कडीला हात लावून तशीच उभी राहिली.

"'समोरच्याचं बघून आपलं टाकायचं असेल, तर ती झुंज नाही, नुसती चौकशी आहे,'" तो सावकाश मोठ्यानं वाचत होता. "'भीती वाटली तरी आपलं आधी टाकता आलं पाहिजे.'" त्यानं वर बघितलं. "हे तुम्ही लिहिलंत? अक्षरं चार-चारदा बघणारीनं?"

"हो... लिहायला सोपं असतं."

मग त्यानं खणातून चष्म्याच्या नंबराची दोन कोरी कार्डं काढली. एक तिच्यासमोर ठेवलं, एक स्वतःपुढे ओढलं.

"बसा. एक डाव खेळू. जुन्या नियमानं. मनात असेल ते लिहायचं, पालथं ठेवायचं, आणि तीनला दोघांनी एकदम उलटायचं. माघार नाही."

तिनं लिहिलं. पेन दोनदा अडखळलं. त्यानं एकटाकी लिहिलं. राग असाच एकटाकी लिहिला जातो. पुन्हा येऊ नका, असं असेल... की याहून वाईट? कार्ड पालथं होतं. आज त्याचं बघून आपलं बदलायची सोय नव्हती.

"एक..." तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"दोन..."

टिटवीनं आपलं कार्ड उलटलं.

तीन व्हायच्या आधीच. त्याचं कार्ड अजून पालथंच होतं, आणि तिच्या कार्डावर वेड्यावाकड्या अक्षरांत उघडं पडलं होतं – *मला तुम्ही आवडता. रागावला असाल, तरीही.*

फ्रेम घालून बघायला काउंटरवर ठेवलेल्या आरशांत दोन-चार टिटव्या दिसत होत्या. सगळ्याच घाबरलेल्या. पण एकीनंही हात कार्डाकडे परत नेला नाही.

"मी अजून तीन म्हटलं नव्हतं," तो अगदी हळू म्हणाला.

"माहीत आहे."

"आता माझं बघून बदलता यायचं नाही."

"नकोच आहे बदलायला."

तेव्हा त्यानं आपलं कार्ड उलटलं. वर उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर लिहायच्या रिकाम्या चौकटी. आणि खाली –

*सत्तावीस डाव. तुझ्याशी एकदाही माघार नाही. का, ते तूच ओळख.*

टिटवीनं वाचलं. राहू दे, ठेवतो... आहे एक विचार... आणि तीन म्हणताना पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघणारे ते डोळे.

"तुझं बघून मला माझं बदलायचंच नव्हतं," तो म्हणाला. 'तुझं' म्हणताना त्याचे कान लाल झाले. "राग आहे. तो काही लगेच जायचा नाही, सांगून ठेवतो."

"किती दिवस राहील?"

"गिऱ्हाईक बघून ठरवतो."

ती हसली. या खेपेला तिनं हसू आवरलं नाही.

"सहा दिवस आहेत," ती म्हणाली. "माघारीशिवाय सराव कोण देणार तुला?"

"देशील?"

"देईन. आणि यापुढे तुला काय वाटतंय, ते आधी ओळखायचा प्रयत्न करीन. चुकले तर चुकले."

तो मागे जाऊन चहा घेऊन आला. कप ठेवता ठेवता त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"साखर?"

"दोन चमचे."

पहिल्या घोटाबरोबर वाफ वर आली आणि चष्म्याची दोन्ही भिंगं धूसर झाली. त्याचा चेहरा, दोन उघडी कार्डं, फळ्यावरची अक्षरं... सगळं पुसट झालं. तरी टिटवीनं चष्मा काढून पुसला नाही. 'पुन्हा दाखवता?' असंही विचारलं नाही. पहिल्याच खेपेला सगळं स्पष्ट दिसलं होतं.