सा सोडायचा नाही

हे खरं घडलंय. नम्रताला विचाराल तर ती नाही म्हणेल. तिच्या शब्दाला काय अर्थ आहे, ते मला आता चांगलं कळलंय.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा रविवार. दुपारचे चार. पूर्णगडच्या अलीकडे नम्रताच्या मामांची आंब्याची बाग आहे, तिथली आंबे पिकत घालायची खोली.

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पस्तिशीत गाणं शिकायची हौस आली. सर्वेश सरांच्या क्लासला एकटीनं जायची मला लाज वाटत होती. ती म्हणाली, "मी आहे ना गो."

सर तेव्हा स्वरांमधली अंतरं शिकवत होते. सा पासून ग किती लांब, प किती लांब, हे कानाला कळायला हवं. त्यासाठी जोडीनं बसायचं. एकमेकींकडे पाठ, मध्ये हातभर जागा, डोळे मिटलेले. एकीनं सा धरायचा. दुसरीनं एकेक सूर वर जायचं, प्रत्येकावर थांबून अंतर ऐकायचं आणि शेवटी सा वर परत यायचं. मग पाळी बदलायची.

नियम एकच. दुसरी परत येईपर्यंत पहिलीनं सा सोडायचा नाही. श्वास घ्यायचा आणि लगेच पुन्हा धरायचा.

मोबाईलवरचा तानपुरा सर लावू देत नसत. "यंत्राला दम लागत नाही," म्हणायचे. "जोडीदाराला लागतो. तो ऐकायला शिका."

घरी सराव केला की माझे मिस्टर हसायचे, म्हणून ही खोली. सीझन नव्हता, त्यामुळे रिकामी. चिऱ्याच्या भिंतींत आवाज छान घुमायचा.

नम्रतानं सा धरला. पट्टी आमची नेहमीची, काळी चार.

मी निघाले. रे... ग... म...

पहिल्यांदाच सूर जागेवर लागत होते. प तर असा जुळला की अंगावर काटा आला.

ध वर असताना जाणवलं...

बराच वेळ तिनं श्वासच घेतला नव्हता.

मला कौतुक वाटलं. मूर्ख मी!

मग नी. सा पासून सगळ्यात लांबचा, मला कधीच न लागणारा. तो लागला. आणि त्याच वेळी बाहेर...

स्कूटी सुरू झाली.

नम्रताची. तिचा सायलेन्सर फुटलाय, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. बागेच्या दगडी गडग्यापलीकडून तो लांब लांब गेला.

माझ्या पाठीमागे सा चालूच होता.

मी वळून पाहिलं नाही. समोर दार होतं, तशीच सुटले. कातळावरून अनवाणी रस्त्यापर्यंत पळाले.

तिचा फोन बंद. रात्री मेसेज आला, "सॉरी गो, घरून अर्जंट फोन आला."

पुढचे तीन आठवडे ती क्लासला आली नाही. शेवटी मासळी बाजारात गाठली.

"माझा श्वास तुटला गो," ती म्हणाली. "सा नाय तुटला. तो कोणीतरी धरलान."

"आणि तू उठून गेलीस? मला हाक तरी मारायचीस!"

"हाक मारली असती तर ते माझ्या मागं आलं असतं."

किती सरळ सांगितलं तिनं. पंचवीस वर्षांची मैत्री, आणि मला तिथं ठेवून गेली. कोळणीसमोरच मला रडू फुटलं.

मी म्हटलं, तो सा अजून चालू आहे. मिक्सर बंद केला की... पंखा थांबला की... पाठीमागे, हातभर अंतरावर.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "नी वर सोडलंस ना, म्हणून. एकदा सा वर परत ये. सुटशील."

घरी येऊन देवापुढे बसले. डोळे मिटले. नी लावला आणि उतरू लागले. ध... प... म... ग... रे वर आले आणि आठवलं.

सा वर आलं की पाळी बदलते.

मग सा मी धरायचा. ते निघणार. ते परत येईपर्यंत मी सोडायचा नाही.

हे नम्रतालाही माहीत होतं. क्लासला ती माझ्या शेजारीच बसायची.

मी रे वरच थांबले. त्याला आता दोन महिने झाले. गाणं बंद आहे. मागचा सा तसाच आहे... एकदाही दम न घेता.

नम्रता भेटत नाही. फक्त दर दोन दिवसांनी तिचा मेसेज येतो.

"आलीस का गो सा वर?"