मूत्रपिंडानं केली चुगली

"श्वास रोखा!" गुंजननं माइकवरून तिसऱ्यांदा दटावलं, आणि एमआरआयच्या बोगद्यात झोपलेला माणूस तिसऱ्यांदा हसला. पोट हललं, चित्र बिघडलं.

"मॅडम, तुमी रागावता ना... मले हसूच येते."

"हसायचंच असंल तर बाहेर जाऊन हसा!"

खरं तर तपासणी जितेंद्रची होती. बोगद्यातला हा मोहित त्याच्यासोबत नुसता आला होता. दोघं हिंगण्याच्या एकाच कारखान्यात. पण तो बोगदा पाहताच जितेंद्रचं अवसान गळालं. गुंजनचा उतरलेला चेहरा पाहून मोहित पुढं झाला – "मी चालतो का?"

चालणार होता. मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या किती ऑक्सिजन आणतात, मूत्रपिंड त्यातला किती वापरतं, हे सुई न टोचता चित्रात पाहायचं, असं गुंजनचं संशोधन. निरोगी माणसं हवी होती वीस, झाली होती एकोणीस. यंत्र आज पाच वाजेपर्यंतच तिच्या वाट्याला होतं. विसावा माणूस हुकला तर पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी.

"सकाळपासून पाणी, ताक, काही घेतलं?" सही घेताना तिनं विचारलं होतं.

त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. जरा घुटमळला... "नाही."

चौथ्यांदा मात्र त्यानं शहाण्यासारखा श्वास रोखला. पडद्यावर चित्र उमटलं आणि गुंजनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला नेहमीच ऑक्सिजनची ओढाताण असते, तो गडद दिसायला हवा. याचा तर लख्ख होता! भरपूर पाणी प्यालं की असं होतं.

तो बाहेर येताच ती कडाडली, "किती पिऊन आले?"

"कोण म्हणते?"

"तुमच्या मूत्रपिंडानं चुगली केली!"

मोहितचं हसू मावळलं. "दोन ग्लास ताक... अन् तांब्याभर पाणी. मे महिन्यात गाडीवर यायचं, मायनं सोडलंच नाही."

"मग खोटं काहून बोलले?"

"खरं बोललो असतो तर तुमी लगेच घरी धाडलं असतं. अन् मले... जायचं नव्हतं."

गुंजनचे कान तापले. रागानं, दुसरं काय! तिनं चित्र पुसून टाकलं.

"चार वाजेपर्यंत थांबतो," तो अजिजीनं म्हणाला. "थेंब घेत नाही. पुन्हा काढा."

तसं जमलं असतं. तिनं पेन उचललं आणि त्याच्या नावावर अशी काट मारली की कागद फाटला.

"तुमी नाही चालत. जितेंद्रले समजावून आणा, तो तरी सकाळपासून कोरडा आहे."

"एवढा राग? मी काहून नाही चालत?"

"कारण संशोधनातल्या माणसासोबत मले चहालेही जाता येत नाही! नियम आहे!" ती ओरडली, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःवरच चिडली.

मोहित दारापर्यंत गेला, थबकला. "अन् जितेंद्र नाही मानला तर?"

"तर सहा महिने रोज तुमच्यावर रागवीन. रोज यावं लागंल ऐकाले."