उरलेलं कडवं

गाणं अगदी सोपं होतं. तीन कॉर्ड, एकच चाल. कबिलियाच्या डोंगरातलं कुठलंही पोर आठवडाभरात वाजवील असं. बेलैदला मात्र पाच महिने लागले. सगळं आयुष्य ऑलिव्ह झोडपण्यात गेलेलं. साठीला टेकलेली बोटं तारांवर वळता वळत नव्हती.

"दा बेलैद, दांडी धरलीत की कोंबडीची मान?" स्लिमान न्हावी म्हणायचा. शुक्रवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तो शिकवायला यायचा.

गिटार बेलैदच्या मुलाची, युबाची. आईसाठी तो हे गाणं शिकत होता आणि दुसऱ्या कडव्यात, तिसऱ्या कॉर्डवर जाताना हटकून अडायचा. "एवढंसं गाणं पुरं होईना, आणि म्हणे समुद्र ओलांडणार!" बेलैद एकदा चारचौघांत बोलून गेला होता. सप्टेंबरात पोरगं अकराजणांबरोबर एका होडीत बसून गेलं. निघताना आईला म्हणालं, "यम्मा, तिकडे पोचलो की उरलेलं वाजवीन." त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. स्वतःचं ते बोलणं बेलैदला रोज खात होतं. पोराला काय जड जात होतं ते तरी कळावं, म्हणून तो शिकत होता.

मल्हा अजूनही जेवणाच्या परातीत तिघांचे तीन लाकडी चमचे खोचायची. नवऱ्याला तिची एकच ताकीद होती. "तो अडायचा तिथपर्यंत वाजव. पुढचं त्याचं आहे. तू वाजवलंस तर मी समजेन, तू त्याला सोडून दिलंस."

जानेवारीत तारा गंजल्या. नव्या घातल्या, त्याही आठवड्यात लाल झाल्या. स्लिमाननं त्यांवरून बोट फिरवून जिभेला लावलं. त्याची दहा वर्षं बंदरात गेली होती.

"हा समुद्राचा गंज आहे. कुठं नेली होतीत गिटार?"

"कुठं नेणार? खुंटीवरच असते."

समुद्र तिथून दोन डोंगरांपलीकडे. त्याचा वाराही गावाला लागत नाही. स्लिमाननं त्या दिवशी थट्टा केली नाही. पुढच्या शुक्रवारी तो आलाच नाही, त्यानंतरही नाही.

मग गिटार जड होत गेली. अंगणात उन्हात ठेवली तरी लाकूड हाताला ओलसर लागायचं. मांडीवर घेतली की आत पाणी हलल्यासारखं वाटायचं. बेलैदनं ती उलटी करून पाहिली. थेंबही पडला नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी मल्हानं रव्याच्या कुसकुसची परात मांडली, तीन चमचे खोचले आणि म्हणाली, "वाजव थोडं."

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात तो नेमका त्या जागी थांबला. दोन्ही हात उचलले.

गाणं थांबलं नाही.

तारा हलत होत्या. तिसरा कॉर्ड लागला, जरा चाचपडत, युबा लावायचा तसा. बेलैदचे दोन्ही हात हवेत होते. उरलेलं कडवं शेवटपर्यंत वाजलं.

"मी नाही," तो म्हणाला. "मल्हा, बघ, मी नाही वाजवलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोचला तो."

कुठं, हे विचारायची बेलैदची छाती झाली नाही.

मल्हानं परातीतला तिसरा चमचा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि कोनाड्यात ठेवला. चमच्याखालून पाण्याचा बारीक ओघळ भिंतीवर उतरला. तिनं चमचा उचलून पुन्हा पुसला. तो पुन्हा ओला झाला.