‘आलोच’ म्हणून निघालेला

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. मी आठवीतच शाळा सोडली, शब्द साधेच येतात. आमच्या शिलाईच्या दुकानात काका कापड कापतात. एका रात्री वीज गेली तेव्हा त्यांनी आम्हा पोरांना हे सांगितलं. तसंच लिहितो.

“माझ्या बहिणीचा नवरा. टेलरच. चार माणसं जमली की ह्याचा जीव गुदमरायचा. पण कुणाला दुखवायचंही नाही. मग ‘निघतो’ म्हणायचंच नाही. ‘आलोच’ म्हणायचं आणि सटकायचं.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. ह्याला शिवण शिकवलेल्या मास्तरांनी आपलं दुकान कायमचं बंद केलं, म्हणून त्यांच्या घरी सगळे जमलेले. ‘बघा, चपलासुद्धा दाराकडे तोंड करून काढतो!’ कुणीतरी टोमणा मारला. मास्तरांनी ह्याला जवळ बसवलं. मांडीवर स्वतःसाठी शिवलेला शर्ट. म्हणाले, ‘हात थरथरतो रे. पाच बटणं राहिलीत. सगळे गेले की तू लाव. मग मी सुटलो.’

‘लावतो की, मास्तर.’

नऊ वाजून दहा मिनिटांनी हा उठला. ‘आलोच.’

वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारली. तो आरपार बघत राहिला.

घरची बेल दाबली. वाजली नाही. दार ठोठावलं. आवाज नाही... खिडकीतून माझी बहीण दिसत होती. हा हाका मारतोय... ती भांडी पुसतेय...

हा पायरीवर बसला. भीतीसुद्धा वाटेना. काहीच वाटेना.

सव्वाअकराला पुन्हा बेल दाबली. वाजली.

‘आज चक्क शेवटपर्यंत थांबलात?’ बहीण म्हणाली.

पहाटे फोन आला. मास्तर झोपेतच गेले.”

काकांनी अंधारात चाचपडून पाण्याचा तांब्या उचलला.

“मग?” मी विचारलं.

“सकाळी हा गेला. मास्तरांच्या बायकोनं ह्याचा हात धरला. ‘अकरापर्यंत बसलास, बाबा. शर्ट उशाशी घेऊनच झोपले.’

पाचही बटणं शिवलेली. हा डावखुरा. बटणाखाली दोरा उलटा गुंडाळतो. तसं दुसरं कुणी करत नाही. पाचही बटणांखाली दोरा उलटा...

ह्यानं शर्टाला इस्त्री केली. मास्तरांच्या अंगात घातला. आणि बटणं लावली. वरपासून खालपर्यंत, पाचही.”