उतू न गेलेलं दूध

मैत्रेयी, चहा निवायच्या आत संपव. अनिश, तेवढी खिडकी लावून घे. करोल बागेकडे जाणारी शेवटची मेट्रो चुकली तर दोघांनी इथेच सतरंजीवर पडायचं, तक्रार चालणार नाही. एवढ्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास करता, भुतंबितं काही नसतं म्हणता, आणि दर शनिवारी जेवण झालं की "अंबादासकाका, एखादी खरी सांगा" म्हणून माझ्याच मागे लागता. मग आज खरीच सांगतो. ऐकीव नाही. आर. के. पुरमच्या याच बिल्डिंगमध्ये, आपल्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईच्या बाबतीत घडलेली.

हेमलता. आमच्या अविनाशची बायको. तुम्ही जिन्यात बघितलं असेल तिला. बाई गोड, हाताला चव, कुणी आजारी पडलं की हिचा डबा आधी पोचतो. पण एक खोड होती. दुसऱ्याचं घर बघितलं की हिच्या पोटात दुखायचं. मी तिला दोष देत नाही. बावीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली बाई. भिंतीचा रंग सरकार ठरवणार, नळ सरकार दुरुस्त करणार, म्हणजे करणार नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी सामान उचलून चालतं व्हायचं. लग्नात आईने दिलेल्या भांड्यांवर नाव कोरलेलं होतं, 'हेमलता'. ती अविनाशला म्हणायची, या दिल्लीत माझं नाव फक्त पातेल्यावर आहे.

शेवटी द्वारकेच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट ठरला. रजिस्ट्री हेमलताच्या नावाने व्हायची होती. मालक भसीनजी, पंचाहत्तरीचे पंजाबी गृहस्थ. त्यांची बायको राधा आदल्या दिवाळीत गेली. घर खायला उठायला लागलं तसे ते गुरुग्रामला लेकीकडे गेले आणि फ्लॅट विकायला काढला. बयाणा दिला, तारीख ठरली, आणि बँकेचा कुठलातरी कागद अडला. रजिस्ट्री तीन आठवडे पुढे गेली.

तीन आठवडे म्हणजे फार नव्हे. पण नेमका तेव्हाच देवयानीचा फोन आला. देवयानी म्हणजे हेमलताची धाकटी जाऊ. तिने नोएडाला चौदाव्या मजल्यावर कोरा फ्लॅट घेतला होता आणि रविवारी, नऊ फेब्रुवारीला, वास्तुशांत ठेवली होती. "वहिनी, तुम्ही थोरल्या," ती म्हणाली, "दूध तुमच्याच हातून उतू घालायचं आहे हं."

अगदी मनापासून म्हणाली, आणि तेच हेमलताला सोसेना. टोमणा मारला असता तर उलट एक मारता आला असता. सात वर्षं मागून घरात आलेली ही पोरगी आधी घराची मालकीण होणार, आणि आपण थोरलेपणाचा मान म्हणून तिच्या ओट्यापुढे उभं राहून तिचं दूध उतू घालायचं. नुसती जळत होती बाई.

रात्री ती अविनाशला म्हणाली, "रविवारच्या आत मी माझ्या घरात दूध उतू घालणार."

"अगं, रजिस्ट्री कुठे झालीये?"

"चावी तर मिळेल."

"हेमा, ते घर अजून त्यांचं आहे, यार. तीन आठवडे थांब की."

"तुम्हाला काय, तुमच्या भावाचं कौतुक."

विषय तिथेच संपला, म्हणजे अविनाशपुरता संपला. हेमलताने दुसऱ्या दिवशी भसीनजींना फोन करून पडद्यांची मापं घ्यायची आहेत असं सांगितलं. भला माणूस. ड्रायव्हरच्या हाती चावी पाठवून दिली. फोनवर एवढंच म्हणाले, "नाप ले लो, बेटा. जितनी देर चाहो, बैठो. बस रसोई रजिस्ट्री के बाद. तुम्हारी आंटी को अपने चूल्हे पर किसी का हाथ पसंद नहीं था." आणि हसले. हेमलताही हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला राग आला. मेलेल्या बाईचा कसला आलाय चूल्हा, असं तिच्या मनात आलं.

तारीख सांगतो. सात फेब्रुवारी, दोन हजार पंचवीस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दिल्लीची मतमोजणी होती. अविनाशला मोजणीची ड्यूटी लागलेली, पहाटे पाचला हजर व्हायचं, म्हणून तो मोजणी केंद्राजवळ मित्राकडे मुक्कामाला गेला. तो गेला आणि हिने पिशवी भरली. दूध, पाण्याची बाटली, हळदकुंकू, गणपतीची तसबीर, लायटर, आणि नाव कोरलेलं ते पातेलं. कॅब करून पावणेआठला सोसायटीच्या फाटकाशी उतरली. गार्डने वही पुढे केली. 'किससे मिलना है' या रकान्यात तिने क्षणभर विचार केला आणि ठसक्यात लिहिलं, 'मालकिन'.

फ्लॅट रिकामा होता. सामान नाही, पडदे नाहीत. हॉलचा दिवा लागला, स्वयंपाकघरातला लागला. चपला तिने दाराच्या आत काढल्या, आपल्याच घरात काढतो तशा. स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून बघितला, नुसती हवा आली. पाणी बंद केलेलं होतं. शेगडी मात्र जागेवर होती, पाइपचा गॅसही चालू होता.

ओट्यासमोर ती उभी राहिली तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. शेगडीसमोरच्या दोन फरशा बाकीच्यांपेक्षा मळकट, गुळगुळीत झाल्या होत्या. बत्तीस वर्षं एक बाई तिथे उभी राहिलेली. स्वतःच्या ओट्यापुढे, स्वतःच्या घरात, बदलीची भीती नाही की जागा सोडायची नोटीस नाही. हेमलताला देवयानीचा विसर पडला. ती या बाईवर जळायला लागली. आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, त्या दोन फरशांवर पाय रोवून उभी राहिली.

उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. शेगडीमागच्या भिंतीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. गणपती ठेवला. पातेल्यात दूध ओतलं, नाव आपल्याकडे येईल असं फिरवून शेगडीवर ठेवलं आणि गॅस पेटवला. फोन हातात घेतला. दूध उतू गेलं की फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा, देवयानीने झोपण्याआधी बघायला हवा.

दूध तापलं. साय धरली. कडेने बुडबुडे आले. वर यायला लागलं, काठाला टेकणार... तोच टक् आवाज झाला आणि गॅस बंद.

बटण सैल असेल. जुनी शेगडी. तिने पुन्हा पेटवला.

या वेळी लवकर वर आलं. तिने फोन धरला. काठापाशी आलं, आणि पुन्हा... टक्.

दूध खाली बसलं.

हेमलता घाबरली नाही. ती चिडली. इतकी वर्षं थांबलेली बाई, आता तिला एक शेगडी अडवणार होती. तिने फोन ओट्यावर ठेवला. गॅस पेटवला आणि बटण मुठीत घट्ट धरून ठेवलं. "बघतेच," असं मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात आवाज घुमला.

बाहेर कुणाच्यातरी टीव्हीवर उद्याच्या निकालाची चर्चा चालली होती. तीही थांबली.

दूध वर आलं.

मुठीतलं बटण हललं. तिने अजून दाबून धरलं. साय फुगली. काठाच्या वर आली. आता जाणार. आता...

सायीवर एक वळी पडली. मग दुसरी.

अनिश, तुझी आई उतू जाणाऱ्या दुधाला काय करते? हात रिकामा नसला की? फुंकर घालते. हळू, लांब.

तशी फुंकर होती. हेमलताच्या उजव्या कानाजवळून आली. तिच्या गालाला लागली.

गार नव्हती. कोमट होती.

दूध खाली बसलं. गॅस चालूच होता.

तिला मान वळवता येईना. नजर फक्त समोर. समोर भिंत. भिंतीवर स्वस्तिक नव्हतं. तिथे ओल होती... एक थेंब खाली ओघळत होता. नळावर एक फडकं. पिळलेलं. दुहेरी घडी घालून, नीट वाळत टाकलेलं. तिने फडकं आणलं नव्हतं. त्या घरात पाणी नव्हतं.

तिच्या मागे कुणीतरी उभं होतं. रागावलेलं नाही. वाट बघत. आपल्या जागेवरून कुणी बाजूला होण्याची वाट बघावी तसं.

हेमलताने बटणावरचा हात काढला. एक पाय मागे घेतला, मग दुसरा. त्या दोन फरशांवरून उतरली.

टक्. गॅस बंद झाला.

ती फोन उचलून पळाली. उंबरा लख्ख पुसलेला. दाराच्या आत चपला नव्हत्या. बाहेर होत्या. जोडून ठेवलेल्या, तोंडं लिफ्टकडे केलेल्या. दार तिने ओढून घेतलं. पातेलं आतच राहिलं.

रात्रभर दिवे लावून बसली होती. पहाटे मीच दूध आणायला उतरलो तेव्हा तिने दार उघडून मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याला फोन कर. तिने केला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. दिवा चालू राहिलाय, जरा बघून याल का, एवढंच म्हणाली.

संध्याकाळी भसीनजी स्वतः इथे आले. अविनाशही नुकताच ड्यूटीवरून परतला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. म्हातारा पाणीसुद्धा न पिता हेमलतासमोर बसला.

"बेटा, दूध तुमने चढ़ाया था?"

अविनाशने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली.

"गिरा?"

"नहीं, अंकल जी. तीन बार ऊपर आया... गिरा नहीं."

"कैसे गिरता," भसीनजी म्हणाले. "हमारे यहाँ दूध उबलकर गिरना अच्छा नहीं मानते. बत्तीस साल में उसने एक बूँद नहीं गिरने दी. बुखार में भी चूल्हे के पास खड़ी रहती थी." त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. "मुझे लगा था वो चली गई. मैं पागल, उसे अकेला छोड़कर बेटी के घर जा बैठा."

मग ते उठले, अविनाशसमोर हात जोडले आणि म्हणाले की घर विकायचं नाही. बयाणा त्यांनी सोबतच आणला होता. ते त्याच रात्री द्वारकेला परत राहायला गेले.

हेमलता मला नंतर म्हणाली, काका, भीती एका रात्रीत गेली, पण ते म्हातारे जिना उतरताना बघितले आणि जीव तिळतिळ तुटला. नव्या नवरीकडे निघाल्यासारखे भराभरा उतरत होते. त्या बाईला घरही मिळालं आणि माणूसही परत मिळाला, आणि दोन्ही मीच नेऊन दिलं. तीन आठवडे गप्प बसले असते तर कागदावर माझं नाव असतं.

दुसऱ्या दिवशी ती नोएडाला गेली. देवयानीच्या ओट्यापुढे उभी राहिली. तिथे दूध एका झटक्यात उतू गेलं, शेगडीभर पसरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमलता रडायला लागली. देवयानीने तिला जवळ घेतलं, तिला वाटलं थोरल्या जाऊला आनंद झाला.

होळीच्या आधी भसीनजींनी पातेलं पाठवून दिलं. रिकामं भांडं परत करणं राधाला आवडायचं नाही म्हणून त्यांनी काठोकाठ साखर भरली होती. हेमलताने साखर डब्यात ओतली, पातेलं विसळलं, फडक्याने पुसलं, आणि तशीच हातात धरून माझ्याकडे वर आली. "काका, हे तुम्ही ठेवा," म्हणाली. "माझं नाव नाही त्याच्यावर."

मैत्रेयी, मघाशी तू चहा ज्यात केलास ते पातेलं आण बरं. दिव्याखाली धर. बुडाला बघ, कडांना बघ, तेवीस वर्षांचे चरे आहेत. आता काठाखाली, कानाच्या डाव्या बाजूला, दोन बोटं जागा आहे ती बघ. तिथे अक्षरं होती. टिंबाटिंबांनी ठोकलेली, धातूत खोल गेलेली. मी स्वतः कितीदा वाचली आहेत.

बोट फिरव. घाबरू नकोस, फिरव.

लागतंय काही हाताला?

नाही ना.