करंगळीची पट्टी

"अहो, जपून... काच आहे!" ती दारातूनच ओरडली, आणि तिच्या त्या ओरडण्यानेच फ्रेमवाल्याचा हात सटकला.

भरतकामाच्या कापडाला फ्रेम करून घ्यायला ती रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात आली होती. तो डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने लोखंडी मोजपट्टी दाबून काच कापत होता. काच नीट कापली गेली, पण तिच्या कडेने बोटही थोडंसं कापलं.

"माझ्यामुळे झालं हो..."

"छे! काचेमुळे झालं," तो म्हणाला आणि हसला. रक्त येत असताना माणूस इतकं छान हसतो? ती तिथूनच गोंधळली.

समोरच तिचं घर होतं; ती त्याला तिथे घेऊन आली. बाहेरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, आत वहिनीचा संसार. तिने त्याचं बोट नळाच्या गार धारेखाली धरलं, काचेचा कण राहिला नाही ना हे उजेडात नीट पाहिलं आणि स्वच्छ फडकं दाबून रक्त थांबवलं. मग जंतुनाशक लावलं.

"स्स्..."

"एवढा मोठा माणूस!"

"मोठ्या माणसाला चरचरत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिने मलम लावलं, पट्टी गुंडाळली, आपली नेहमीची चपटी गाठ मारली आणि दटावणीच्या सुरात सुरू झाली, "भिजवायची नाही. रोज बदलायची, भिजली तर लगेच. खपली उकरायची नाही. बोट लाल झालं, सुजलं, ठणकलं, तर सरळ डॉक्टरकडे जायचं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन?"

"गेल्याच वर्षी घेतलंय. पण एका हाताने पट्टी बदलायची कशी? घरी मी आणि रेडिओ, दोघंच."

"मग इकडेच या की," ती बोलून गेली, आणि मग जीभ चावली.

तो येऊ लागला. रोज संध्याकाळी, दुकान बंद करून. बोट तिच्या तळहातावर, डोळे खाली... मधेच वर. ती मलम लावायची, तो फुंकर मारायला जायचा, ती म्हणायची, "फुंकर नको, तोंडातले जंतू जातात." त्याचं "बरं" इतकं आज्ञाधारक असायचं की हसावं की रागवावं, तिला कळायचं नाही. हा बोटासाठी येतो, की...? आणि आपण तरी संध्याकाळी पुन्हा वेणी का घालतो?

"वन्सं, बोट कापलंय एवढंसं, आणि पट्टीला लागतो अर्धा तास," वहिनी आतून टोमणा मारायची.

देवाने माणसाला जखम भरून काढणारं शरीर दिलं, ही त्याची केवढी दया! पण त्याच दयेचा तिला त्या आठवड्यात राग आला. खपली पडली. खाली कोवळी गुलाबी रेघ.

"भरली. आता पट्टी नको," ती म्हणाली. "उद्यापासून... यायलाही नको."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

बरं? नुसतं बरं?

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानाचा फोन आला. कापड बेतायचं काम, राहायला खोलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. किती वर्षं ती याची वाट पाहत होती! आणि आता तोंडून ना हो निघेना, ना नाही.

संध्याकाळी दारात फ्रेमवाला. हात पाठीमागे, चेहरा दुखरा.

"पुन्हा ठणकतंय..."

त्याला बसवून तिने घाईघाईने पट्टी सोडायला घेतली, आणि बोटं थबकली. ही गाठ तिची नव्हती. ही तर तसबिरीमागच्या दोरीची गाठ! पट्टी सुटली. आत अगदी धडधाकट बोट. ना ओरखडा, ना रेघ.

"अहो, ही करंगळी आहे!"

त्याने पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "पहिलं बोट मोजपट्टी दाबायला लागतं ना... करंगळी तशी कामात लागत नाही. घाईत तिलाच बांधली..."

"म्हणजे ठणकत काहीच नाही?"

"ठणकतंय," तो हळूच म्हणाला. "पण तिथे पट्टी बांधता येत नाही."

ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरले. "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. आज कळवायचंय."

त्याने सुटलेली पट्टी गुंडाळायला घेतली. "जा तुम्ही," म्हणाला. मग, "नका जाऊ..." मग घाईने, "नाही, जाच! एवढा चांगला हात आहे तुमचा."

"एक काय ते सांगा! आधीच माझं डोकं गरगरतंय."

"जा. पण... फ्रेमा त्या शहरातही लागतातच की. मी आलो तर चालेल?"

"चालेल."

"तसं नाही. म्हणजे मला असं विचारायचंय, की..."

"हो."

"अहो, मी अजून विचारलंच कुठे?"

"मग विचारा ना! किती वेळ लावता?"

"भाऊजी, विचारून टाका," आतून वहिनीचा आवाज आला. "आणि वन्सं, तुम्ही त्या दुकानाला फोन लावा. खोली दोघांना पुरेल का, ते विचारून घ्या."