कनकाईचा पदर

पडद्यावर राणी कनकाईने पदर पसरला आणि वैजयंती खुर्चीत सरसावून बसली. तो पदर तिनेच शिवला होता, दुहेरी अस्तर लावून, पाच शेर तांदूळ पेलेल असा. सातशे वर्षांपूर्वी आसवलीची ही राणी नदी ओलांडून कोंढरच्या छावणीत निःशस्त्र गेली, कोंढरच्या राजमातेने तिची ओटी भरली आणि लढाई थांबली. त्या एका प्रसंगासाठी तर वैजयंतीने या सिनेमाच्या वेशभूषेचं काम अंगावर घेतलं होतं. तिचं सासर आसवली, माहेर कोंढर. बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावं सध्या एकमेकांच्या जिवावर उठलेली. निदान सिनेमा बघून तरी डोकी थंड होतील, अशी तिची आशा.

राजमातेने तांदळाच्या सुपात हात घातला आणि खंजीर बाहेर काढला!

"अरे, हे काय?" वैजयंती ओरडलीच. राणीने पहारेकऱ्याची तलवार हिसकावून एका घावात म्हातारीचं मुंडकं उडवलं. आसवलीचं थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं.

ती तरातरा बाहेर आली. दिग्दर्शक निरंजन दाराशीच उभा होता.

"हे कुणी चित्रित केलं रे?"

"कुणीच नाही, ताई. रसयंत्राने केलं. खुर्चीच्या हातावर नाडी मोजणारी पट्टी असते. नाडी मंदावली की यंत्र तिथल्या तिथे प्रसंग बदलतं, तेच चेहरे, तेच कपडे घेऊन. तहाला लोक जांभया देत होते."

"मग देऊ देत की! जांभईने कुणी मेलंय का आजवर?"

"निर्मात्यांशी करारच तसा..."

"चुलीत घाल तुझा करार! आणि पलीकडे कोंढरला काय दाखवताय?"

"तिथलं यंत्र तिथल्या लोकांच्या नाडीवर चालतं, ताई." वैजयंतीने थेट थोरल्या भावाला, हणमंतला फोन लावला. तोही कोंढरला दुपारचाच खेळ बघून बाहेर पडत होता.

"बघितला बाई तुझा सिनेमा. तुमच्या राणीने पदराखालून खंजीर काढून आमच्या राजमातेला भोसकलं. तुम्ही आसवलीवाले पहिल्यापासूनच दगाबाज! यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. पोरं काठ्या घेऊन बंधाऱ्याकडे निघालीत."

त्याच्या मागे आरडाओरडा ऐकू येत होता. वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, अडव त्यांना! अरे, शूटिंगला तू स्वतः होतास की! भालदाराचा अंगरखा मीच तुझ्या अंगात चढवला. तांदूळ तुझ्या घरचे. ओटी भरताना तुझ्याच डोळ्यांना धार लागली होती. विसरलास?"



"असेल," हणमंत म्हणाला. "पण आज मी डोळ्यांनी पाहिलं ना."

"मग त्या दिवशी कशाने पाहिलं होतंस, दादा?"